डावी बाजू

"पालांडे, डावा आरसा कुणी मोडला?"

भुवडमामांनी हे इतक्या साध्या आवाजात विचारलं की मला आधी त्यात काही वावगं वाटलंच नाही. गाडी कराडहून चिपळूणला निघाली होती. कुंभार्ली घाटाची पहिली काही वळणं उतरून झाली होती. मी दाराजवळच्या माझ्या कंडक्टरच्या सीटवर टेकले होते. मान वळवून बाहेर पाहिलं. आरसा जागच्या जागी होता. त्यात गाडीचं लाल अंग आणि मागे पडत जाणारा रस्ता स्वच्छ दिसत होता.

"मामा, आरसा आहे की."

"कुठाय?"

"हा काय, जागेवर."

मागच्या सीटवरच्या माणसाला हाक मारताना वळवतात तशी त्यांनी पूर्ण मान वळवली. मग हसले. "हां. आहे, आहे. ऊन आलं डोळ्यावर."

दुपार कलली होती आणि घाट उतरताना ऊन समोरून येतं, हे खरं. पण समोरच्या उन्हाने डावीकडचा आरसा कसा नाहीसा होईल?

मला नोकरीत चार वर्षं झाली होती. मामांना तीसच्या आसपास. पूर्ण नाव धोंडू भुवड, पण डेपोत सगळे मामाच म्हणायचे. ते मात्र मला कधी नावाने हाक मारत नसत. पालांडे, नाहीतर खुशीत असले की 'पालांडे मास्तर'. त्यांच्या हातून कधी कुणाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. त्यांच्या गाडीत माणसं बसल्या बसल्या झोपायची. घाटात वळण कधी आलं आणि कधी गेलं हे पोटाला कळायचं नाही, अशी त्यांची गाडी.

वर्षभरापूर्वी त्यांना ब्लडप्रेशर निघालं. तेही त्यांनी मला घरी पाहुणा आल्यासारखं सांगितलं. "आता आलंय तर राहील," म्हणाले. रोज सकाळी कँटीनमध्ये चहा झाला की ते शर्टाच्या खिशातून पाकीट काढायचे, एक गोळी तोंडात टाकायचे आणि वर पाणी प्यायचे. "झाला माणूस नवा," म्हणून उठायचे. आमच्या डेपोत गोळ्या चुकवणारे पुष्कळ होते. मामा त्यांतले नाहीत, याचं मला बरं वाटायचं.

त्या दिवशी मात्र कराडपासूनच त्यांचं काही ठीक नव्हतं. कोयनानगरला गाडी थांबली तेव्हा ते चहाला उतरले नाहीत. स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसून राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "डोकं ठणकतंय. नातवाला ताप होता, झोप नाही झाली."

आरशाचं झाल्यावर मी त्यांच्याकडेच बघत राहिले. पुढच्या उतारावर त्यांनी गिअर बदलायला डावा हात खाली नेला. हात दांड्याच्या बाजूने गेला आणि हवेतच राहिला. पुन्हा नेला. तिसऱ्यांदा दांडा सापडला तेव्हा खालून दात कचकचल्यासारखा आवाज आला आणि सगळी गाडी हादरली. पुढच्या सीटवर पाटणला चढलेले एक म्हातारे होते. ते दचकून जागे झाले. "डायव्हर नवीन आहे काय हो?"

"नाही आजोबा."

आणि मग गाडी डावीकडे सरकायला लागली.

त्या घाटात कडा आणि दरी वळणागणिक बाजू बदलतात. त्या टप्प्यात दरी डावीकडे होती. मधे गुडघाभर उंचीचा दगडी कठडा, तोही पांढऱ्या चुन्याने रंगवलेला, म्हणजे सहज दिसणारा. गाडी त्याच्याकडे अशी निघाली होती की जणू तिकडे काही नाहीच, रस्ताच आहे. मी "मामा!" म्हणेपर्यंत पत्रा दगडाला घासला. गाडीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत कुणीतरी करवत ओढत नेल्यासारखा तो आवाज माझ्या पाठीमागून गेला. खिडकीशी बाळ घेऊन बसलेली बाई किंचाळली.

"काय झालं? कोण ओरडतंय?" मामा म्हणाले.

"गाडी घासली, मामा!"

"फांदी असेल."

मी उठून त्यांच्या मागच्या दांड्याला धरून उभी राहिले आणि वाकून त्यांचा चेहरा पाहिला. तोंडाचा डावा कोपरा खाली आला होता. तिथून लाळेची एक बारीक रेघ हनुवटीवर उतरली होती आणि त्यांना तिचा पत्ता नव्हता. उजवा डोळा नेहमीसारखा रस्त्यावर होता.

मला स्कूटरसुद्धा चालवता येत नव्हती. मागे भरलेली गाडी, पुढे उतार, आणि हे सगळं ज्या माणसाच्या हातात होतं तो अर्धा कुठेतरी निघून गेला होता.

"मामा, गाडी थांबवा."

"का?"

"तुम्हाला बरं नाहीये."

"घाटात मधे गाडी थांबवायची नसते. चार वर्षांत एवढं शिकली नाहीस?" त्यांची जीभ जड झाली होती.

"मामा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये!"

"सगळं दिसतंय मला."

ते हे खोटं बोलले असते, माझ्यापासून काही लपवत असते, तर मला धीर आला असता. चिडून, रडून, कसंही करून मी त्यांना कबूल करायला लावलं असतं. पण ते खरंच बोलत होते. त्यांना सगळं दिसत होतं, एवढंच की त्यांच्या 'सगळ्या'त आता डावी बाजू नव्हती. जे नाहीच ते दिसत नाही, हे त्यांना मी कसं पटवणार होते?

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगायला लागले. "उजवीकडे घ्या. थोडं. अजून थोडं. बस." ते ऐकत होते. तीस वर्षांचा सराव होता, उजवा हात बरोबर फिरत होता. पण खालून ट्रक चढत होते. एक तर इतका जवळून गेला की त्याच्या ड्रायव्हरने दिलेली शिवी मला पूर्ण ऐकू आली. उजवीकडे जास्त घेतलं तर ट्रक, कमी घेतलं तर दरी. आणि ते किती, हे मी ठरवत होते, जिने जन्मात स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

पुढे मोठं वळण दिसत होतं. मामांनी त्याच्या आधी सवयीने गिअर खाली आणायचा प्रयत्न केला. डाव्या पायाने क्लच नीट दाबला गेला नाही. दांडा सुटला आणि मधेच लटकला. इंजिन मोठ्याने ओरडलं आणि गाडी एकदम हलकी झाली. आपल्याला धरून ठेवणारं कुणीतरी हात सोडून देतं, तशी. आम्ही उतारावर मोकळे सुटलो होतो. मामांचा उजवा पाय ब्रेकवर होता, पण ते रोजच्यासारखं हलकं हलकंच दाबत होते. गाडी गिअरमध्ये नाही हे त्यांना उमगलंच नव्हतं.

"अहो बाई, थांबवा ना त्याला!" म्हातारे ओरडले. मग सगळी गाडी ओरडायला लागली. "मामा ब्रेक! मामा ब्रेक दाबा!" मीही ओरडत होते. जितकं आम्ही ओरडत होतो तितके ते गोंधळत होते, नुसती मान हलवत होते. डावीकडून येणारा आवाज कुणाचा आणि कशाचा, हे त्यांना कळत नव्हतं. वळण जवळ आलं. कठड्याच्या पुढे फक्त आभाळ होतं.

माझा हात वर गेला. विचार करून गेला असं मी म्हणणार नाही. डोक्यावर घंटीची दोरी होती, ती मी ओढली. एकदाच.

टण्ण.

आमच्याकडे एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. मामांचा उजवा पाय खाली गेला, पूर्ण, तळापर्यंत. माणसं पुढच्या सीटांवर आदळली. कुणाची तरी पिशवी माझ्या पायांवरून घरंगळत गेली. गाडी किंचित तिरकी होऊन, कठड्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

मामा समोर बघत होते.

"कोण उतरतंय?" त्यांनी विचारलं. शब्द इतके बोबडे होते की मला अंदाजाने समजले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही अजून वाचलेलो नाही. गाडी त्यांच्या एका पायावर उभी होती. त्यांनी पाय उचलला की ती पुन्हा निघणार होती. हँडब्रेक त्यांच्या डाव्या हाताला होता आणि तो हात मांडीवर उलटा पडला होता. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. लागला की नाही, मला कळेना.

"सगळे उतरतायत, मामा," मी म्हणाले. "सगळ्यांना उतरू द्या. पाय काढू नका."

"दे मग डबल."

"देते. पाय काढू नका."

मी त्यांच्या शेजारी इंजिनावरच्या बॉनेटवर बसले आणि दोन्ही तळवे त्यांच्या उजव्या गुडघ्यावर ठेवून सगळं वजन टाकलं. बॉनेट तापलं होतं, चटका बसत होता, पण हलायची हिंमत नव्हती. मान न वळवता ओरडले, "एकेक जण उतरा! ढकलू नका! जे पहिले उतराल ते चाकांना दगड लावा!"

दार कठड्याच्या बाजूला होतं. एका माणसापुरती फट होती. माणसं अंग चोरून उतरत होती. प्रत्येकाच्या उतरण्याने गाडी थोडी हलायची आणि दर वेळी मी तो गुडघा आणखी दाबायचे. माझ्या तळव्यांखाली मामांचा पाय थरथरत होता. दमत होता.

"पालांडे, पाय काढू काय?"

"नको मामा. अजून उतरतायत."

"गर्दी आहे आज."

"हो मामा. खूप गर्दी आहे."

बाळ घेतलेली बाई सर्वांत शेवटी गेली. जाताना थांबली, म्हणाली, "ताई, तुम्ही?" मी मानेनेच तिला उतरायची खूण केली. बाहेर दगडांचे आवाज येत होते. मग त्या म्हाताऱ्यांची हाक आली, "लागले! चारी बाजूंनी लागले!"

"काढा मामा पाय."

त्यांनी काढला नाही. मला वाटतं, त्यांना आता तोही सापडत नव्हता. मी तो उचलून बाजूला ठेवला. गाडी एकदा कुरकुरली आणि दगडांवर रेलून थांबली. तसे मामा हळूहळू डावीकडे कलले आणि त्यांचं सगळं अंग माझ्यावर आलं.

खालून वर चढणारी एक जीप लोकांनी अडवली, वळवून घेतली. चार जणांनी मामांना उचलून आत ठेवलं. मागून आलेल्या दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरने माझे प्रवासी सांभाळले आणि मी जीपमध्ये मामांचं डोकं मांडीवर घेऊन चिपळूणला आले. वाटेत ते एकदाच बोलले. "लेट झाला ना?"

दवाखान्यात त्यांना आत नेलं. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मेंदूत रक्तस्राव झालाय असं दिसतंय. स्कॅन करतोय. वरचं प्रेशर दोनशेवीसच्या पुढे आहे. बीपीची गोळी चालू होती का?"

"हो," मी ठामपणे म्हणाले. "रोज घेतात. माझ्यासमोर घेतात." त्यांच्या काढून ठेवलेल्या शर्टाच्या खिशातून मी पाकीट काढून दिलं.

त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "ही बीपीची नाही. ही अंगदुखीवरची आहे."

"रोज सकाळी हीच घेतात."

"रोज?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही अशी रोज घेतली तर बीपी उलट वाढतं."

मी बाकावर बसले. वर्षभर मी रोज बघत होते. रोज सकाळी, चहानंतर.

संध्याकाळी मामी आल्या. मामांची बायको. लहानखुऱ्या, हातात वायरची पिशवी. त्यांना मी एकच विचारलं, बीपीच्या गोळ्या कुठे आहेत.

"घरीच आहेत की, डब्यात," त्या म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी घेतात. तपासणीच्या आधी रजा टाकतात, तेव्हा आठवडाभर नेमाने घेतात. का बाय? डॉक्टरनी तशीच सांगितलीय ना?"

मी त्यांना धरून बाकावर बसवलं.

ते दिवस मला नीट आठवत नाहीत. ड्युटी संपली की मी दवाखान्यात जायचे. काचेतून मामा दिसायचे. पहिले काही दिवस डॉक्टर कशालाच हो म्हणत नव्हते. रात्री झोपेत माझे तळवे दाबल्यासारखे व्हायचे आणि मी दचकून उठायचे. गाडी माझ्या हातांखालून निसटत असायची.

मामा वाचले. पाय पुष्कळ सुधारला, हात थोडा. डावीकडची नजर परत आली नाही. महिनाभराने मी त्यांच्या गावी, घरी गेले तेव्हा ते पडवीत जेवत होते. ताटातली उजवीकडची अर्धी भाकरी आणि भाजी संपली होती. डावीकडचं सगळं तसंच होतं आणि ते "अजून भूक आहे" म्हणत होते. मामींनी ताट फिरवून दिलं. जेवण झाल्यावर त्या आत भांडी घासायला गेल्या.

मी विचारलं, "मामा, गोळ्या का नाही घेतल्या?"

त्यांनी मग मागे वळून मामी आत असल्याची खात्री केली.

"तू पोरीच्या जागी. तुला कसं सांगू?"

"सांगा."

"ती गोळी घेतली की सारखी लघवीला लागते." त्यांनी मान खाली घातली. "एकदा पाटणच्या पुढे गाडी बाजूला घेतली. तू रजेवर होतीस, तो सकपाळ होता माझ्याबरोबर, तेव्हा. झाडामागे गेलो. परत आलो तर मागून कुणी पोरांनी टाळ्या वाजवल्या. गाडीत बायामाणसं. सगळे हसले. ठीक आहे, हसले. दुसऱ्यांदा म्हटलं, थांबायचं नाही. दाबून धरलं. घाट उतरलो, चिपळूण आलं, आणि स्टँडात शिरता शिरता…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "गाडी रिकामी होईपर्यंत सीटवरून उठलोच नाही. अंधार पडू दिला. तेव्हापासून कामाच्या दिवशी ती गोळी बंद."

"डॉक्टरला सांगायचं ना. दुसरी गोळी मिळाली असती."

"डॉक्टरीणबाई होत्या. तुझ्याहून थोड्या मोठ्या." ते कसनुसं हसले. "आणि पाठ दुखायची, तिची गोळी घेतली की बरं वाटायचं. बरं वाटतंय म्हणजे प्रेशरसुद्धा बरं असेल, असं धरून चाललो. प्रेशर काही दुखत नाही गं. पाठ दुखते."

मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. उठले आणि उजवीकडे, त्यांना दिसेन अशी बसले.

"मामा, मी डेपो सोडला की पाणी पीत नाही."

"म्हणजे?"

"सकाळी अर्धा कप चहा. मग घरी जाईपर्यंत काही नाही. कराडच्या स्टँडातल्या संडासात पाय ठेववत नाही, आणि मधे कुठे उतरणार? तुम्हाला थांबा म्हणायची लाज वाटायची. दोन वेळा लघवीला जळजळ होऊन ताप आला. तुम्हाला सांगितलं, ऊन लागलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा तो वाकडा ओठ हलला. "मी समजत होतो तुला लागतच नाही. पोरगी काटक आहे म्हणायचो. तुझ्यासमोर काय सांगणार!"

"आणि मी समजत होते तुम्हाला लागत नाही."

आत भांडं आदळल्याचा आवाज आला. मामी दारात उभ्या होत्या, कोपरापर्यंत हात राखेने भरलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"शाबास!" त्या म्हणाल्या. "शाबास दोघांची! मुतायचं कसं सांगू म्हणून गप्प बसलात आणि मागे एवढी माणसं झोपलेली! ती लेकुरवाळी गेली असती त्या दरीत. ही पोर गेली असती. आणि मी लोकांना काय सांगितलं असतं? ब्रेक फेल झाला?"

मामी उंबऱ्यावर बसल्या, राखेच्या हातांनीच डोळे पुसले आणि बराच वेळ रडत राहिल्या. त्या दवाखान्यातसुद्धा रडल्या नव्हत्या.

नंतर मामींनीच त्यांना ती गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि त्यांच्यादेखत सगळं बोलून टाकलं. गोळ्या बदलल्या, पाठीचीही बंद झाली. मामांनी पुन्हा गाडी चालवली नाही. काही वर्षं त्यांनी डेपोत बसून काम केलं, निवृत्त झाले. प्रेशर आटोक्यात आहे.

मी अजून त्याच मार्गावर आहे. गेल्या वर्षी माझ्या गाडीवर कोळवणकर नावाचा नवा ड्रायव्हर आला, ताजी भरती, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. पहिल्याच दिवशी, गाडी सुटायच्या आधी, मी त्याला विचारलं, कसल्या गोळ्या चालू आहेत का, आणि लघवीला कुठे थांबायचं.

त्याचे कान लाल झाले. "मॅडम, असं कुणी विचारतं काय?"

"मी विचारते."

तो पाटणपर्यंत एक अक्षर बोलला नाही. पाटण सोडलं, थोडं पुढे एक हॉटेल लागतं, मागे बायकांसाठी वेगळी मोरी असलेलं. तिथे त्याने आपणहून गाडी हळू केली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मॅडम, थांबू काय जरा?"

"थांब," मी म्हणाले. उभी राहिले, आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ज्यांना लघवीला जायचंय त्यांनी जाऊन या. गाडी कुणाला सोडून जाणार नाही."

आणि सगळ्यांच्या आधी मी उतरले.